चर्चमध्ये टांगलेली बोट

चूक माझीच होती. ते आधीच सांगतो.

आमच्या एस्बियर्गमध्ये, डेन्मार्कच्या या बंदरगावात, चर्चच्या छताला बोट टांगलेली असते. लाकडी, हातभर लांब. समुद्रावर गेलेल्यांसाठी. तिचं तोंड कायम वेदीकडे. आणि म्हातारे एकच गोष्ट बजावतात: जी बोट अजून पाण्यावर आहे, तिचा नंबर हिच्यावर घालायचा नाही.

बंदराजवळच्या चर्चमधली बोट मी साफ करायला घेतली होती. हे काम मला कुणी शिकवलं नाही, बघून बघून आलं. धक्क्यावर पूर्वी एका मच्छीमार बोटीवरून दुसरीवर उड्या मारत पलीकडे जाता यायचं. आता तिथे पवनचक्क्यांची पाती पडलेली असतात. उरल्यासुरल्या बोटींमधली एक माझ्या मोठ्या भावाची, हेनिंगची. ई ४३१. ही शेवटची खेप, मग भंगारात. मला वाईट वाटलं. बारीक ब्रश घेतला आणि नंबर घातला.

चर्चचा म्हातारा राखणदार आयगिल शिडी धरून उभा होता.

"अक्कल विकून खाल्लीस काय रे? खरवड ते."

"हेनिंग आला की खरवडतो."

सोमवारी बोट टांगली. मंगळवारी तिचं तोंड दाराकडे होतं.

फिरवली. बुधवारी परत दाराकडे.

"तारेला पीळ पडला असेल," मी म्हणालो. त्या दिवशी आयगिलने मला कॉफीसुद्धा विचारली नाही.

गुरुवारी तोंड वेदीकडे केलं आणि मागच्या कडीला लाल नायलॉनचा दोरा बांधला. दुसरं टोक खाली बाकाला, करकचून. आता फिर म्हटलं.

दुपारी हेनिंगचा फोन आला.

"कुठेयस?"

"चर्चमध्ये. तू?"

"पवनचक्क्यांच्या पलीकडे. गंमत ऐक, इंजिन फुल सोडलंय आणि बोट जागची हलत नाही. प्रेबेन म्हणतो माझ्या ढेरीमुळे."

मागे प्रेबेन हसला. बोटीवरचा त्याचा जोडीदार.

"जाळं अडकलं असेल."

"जाळं वर आहे, गाढवा. मागून काहीतरी धरलंय. लाटा आत यायला लागल्यात रे. थांब, बघतो. हा कुठला लाल दोर—"

मी वर बघितलं.

दोरा ताणला होता. बाक फरशीवर सरकत होतं.

चाकू काढला. बाकापाशी दोरा कापला.

बोट हिसक्याने पुढे गेली.

फोनमध्ये नुसता वारा.

अंधार पडायच्या आत ई ४३१ बंदरात आली, किनाऱ्यावर समुद्राकडे बघत बसलेल्या चार उंच पांढऱ्या पुतळ्यांसमोरून. सुकाणूवर प्रेबेन. एकटा.

"एकदम सुटली रे बोट," तो म्हणाला. "हेनिंग मागे वाकला होता. दोर हातात होता त्याच्या."

"दोर कुठेय?"

त्याने मागची कडी दाखवली. तिथे फक्त लाल धागे अडकलेले.

तीन आठवडे झाले. शोध थांबलाय. आईला अजून ते सांगितलेलं नाही.

काल आयगिलने कात्री आणली. "उरलेला दोरा तरी काढू दे, पोरा." मी शिडी उचलून बाहेर नेली.

बोटीचं तोंड आता वेदीकडेच असतं. मागून तो कापलेला दोरा लोंबतो, टोक मोकळं. दार उघडलं की वारा येतो, मेणबत्त्या विझतात, बोट डुलते.

दोरा हलत नाही. खाली सरळ, ताठ.