खांद्यावरचा पट्टा

ही गोष्ट मी रचलेली नाही.

ज्याला खोटी वाटेल त्याने शारजाला अल मजाजमध्ये यावं. तळ्यासमोरच्या इमारतीत, चौदाव्या मजल्यावर, माझा पुतण्या नूरुद्दीन राहतो. त्याच्या हातात पाण्याचा ग्लास द्यावा आणि बघत उभं राहावं.

बस्स, एवढंच करावं.

घडलं ते याच ऑगस्टमध्ये. रात्री नाही. भर दुपारी, रस्त्यावर मांजरसुद्धा दिसत नाही अशा उन्हात.

नूरुद्दीन म्हणजे मोठा साहेब. दुबईच्या सिलिकॉन ओएसिसमध्ये कुठल्याशा कंपनीत हेड. कशाचा हेड, हे विचारलं की तो इतकं इंग्रजी फेकतो की विचारणाराच ओशाळतो. घरात चपला कुठे काढायच्या, सोफ्यावर किती टेकायचं, सगळ्याचे त्याचे नियम. सख्ख्या चाचालाही.

त्याची आई ताजबी, माझी भावजय. तिच्या ट्रंकेत तिच्या वडिलांचा एक जुना फोटो निघाला. वाळवंट, मागे तंबू, खाकी कपड्यांतला विशीचा पोरगा. डाव्या खांद्यावरून छातीवर आलेला रुंद पट्टा. पाठीमागे काहीतरी काळं, जाड. फोटोचा तो कोपराच कुरतडलेला.

नूरुद्दीन उडालाच.

"अम्मा, ही बंदूक आहे! नाना फौजी होते? कधी बोलली नाहीस!"

"तेच कधी बोलले नाहीत," ताजबी म्हणाली. "लढाईला गेले होते, एवढंच ठाऊक. डाव्या खांद्याला घट्टा होता. आंघोळीनंतर मी तेल चोळायची."

"बंदुकीचाच घट्टा!"

झालं. पंधरा ऑगस्टला कोकणी मंडळींचा कार्यक्रम होता, 'आमचे फौजी पूर्वज'. नूरुद्दीनने आपलं नाव पहिलं लिहून टाकलं. मोबाईलमधल्या अ‍ॅपला सांगितलं, फोटो साफ कर, कोपरा भरून काढ. अ‍ॅपने आज्ञा पाळली. कुरतडलेल्या कोपऱ्यात झकास रायफल काढून दिली. साहेबाने तो फोटो दरवाजाएवढा छापून घरच्या हॉलमध्ये टांगला.

नानांची पलटण कळावी म्हणून त्याने पुण्यातल्या एका ओळखीच्या माणसाला विचारलं होतं. त्याने फौजेची जुनी कागदपत्रं चाळून उत्तर पाठवलं.

एकच ओळ होती. नाव, अलीमियाँ. ठिकाण, मिसरचं, म्हणजे इजिप्तचं, वाळवंट. हुद्दा... फॉलोअर.

नूरुद्दीन आधी हसला. "नानांचे फॉलोअर होते की नाना फॉलोअर होते?"

मग त्याने पुढचा शब्द वाचला.

भिस्ती.

फौजेत फॉलोअर म्हणजे लढणाऱ्यांच्या मागून चालणारा. धोबी, मोची, आचारी. आणि भिस्ती म्हणजे पखालीतून पाणी वाहून आणणारा. खांद्यावरचा पट्टा बंदुकीचा नव्हता. पखालीचा होता. पाठीमागचं ते काळं, जाड... चामड्याची भरलेली पखाल.

ताजबीच्या डोळ्यांत पाणी आलं. "तरीच," ती म्हणाली. "दारात कुणीही आलं, की नाव विचारायच्या आधी पाणी द्यायचे."

"अम्मा, हे कुणाला सांगायचं नाही. मी काय भिस्त्याचा नातू म्हणून मिरवू?"

त्याने कागद फाडला. फोटो तसाच राहिला, रायफलीसकट.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, तो घरूनच काम करत होता. दुपारी शाहबाज आला, पाण्याचे मोठे बाटले पोचवणारा. दोन बाटले खांद्यावर, एक हातात. अंगावरचा शर्ट पिळून काढावा असा.

"साब, एक गिलास ठंडा पानी मिलेगा?"

नूरुद्दीनने त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"पानी उठाके घूमता है और पानी माँगता है? बाहर रख. कार्पेट पे पाँव नहीं. यल्ला, खलास."

दार आपटलं. ताजबी स्वयंपाकघरातून ग्लास घेऊन येईपर्यंत लिफ्ट खाली गेली होती.

तेवढ्यात कॉरिडॉरमध्ये आवाज आला...

थप.

थप.

ओलं चामडं कुणाच्या तरी पाठीवर आपटावं तसा.

नूरुद्दीनने दार उघडलं. कॉरिडॉर रिकामा. तीन बाटले भिंतीशी नीट मांडलेले.

तो परत टेबलाशी बसला. आईने आणलेला तोच ग्लास उचलला, ओठाला लावला...

आत थेंब नव्हता.

समोर त्याची मुलगी सफा बसली होती, बारा वर्षांची. "माझं पाणी कोण प्यायलं?" त्याने विचारलं.

"पप्पा, नोबडी टच्ड इट."

त्याने दुसरा ग्लास भरला. डोळ्यांसमोर भरला. उचलला. कोरडा. कपाटातून आत्ताच काढल्यासारखा कोरडा.

चहा तसाच. ताक तसंच. सफाच्या ग्लासातलं सफा गटागट पीत होती. तोच ग्लास त्याने तिच्या हातातून घेतला...

रिकामा.

"डॉक्टरांना दाखवतो," तो म्हणाला. "नजरेचा प्रॉब्लेम आहे."

नजरेचा होता खरा, पण तो डॉक्टरांकडचा नव्हता.

तेव्हा सफाने फरशीकडे बोट दाखवलं. दारापासून ओल्या पावलांचे ठसे आले होते. अनवाणी. डावं पाऊल उजव्यापेक्षा जास्त रुतलेलं, त्या बाजूला ओझं असावं तसं. ठसे सरळ येऊन थांबले होते...

त्याच्या खुर्चीच्या मागे.

ठसे वाळत होते. वास मात्र जाईना. भिजलेल्या चामड्याचा.

ताजबी तिथेच खाली बसली. "नूर, ते आलेत. उद्या सगळ्यांसमोर खरं सांग. काय होते ते सांग."

"अम्मा, तू पण ना! उद्या कार्यक्रम होऊ दे. मग बघू."

पुढचा दिवस शुक्रवारचा. जुम्म्याची नमाज झाली, जेवणं झाली, तीन वाजता कार्यक्रमाचा हॉल भरला. मी तिसऱ्या रांगेत होतो. नूरुद्दीन सुटाबुटात स्टेजवर चढला. ओठ पांढरे, जीभ सुजलेली. आदल्या दुपारपासून घशाखाली थेंब नाही. तरी ताठा बघा! शेजारी स्टँडवर तो रायफलवाला फोटो.

"माझे नाना... अलीमियाँ... शत्रूवर गोळ्या झाडत..."

पुढच्या रांगेत ताजबीने मान खाली घातली.

आम्ही टाळ्या वाजवल्या. जोरात.

टाळ्या थांबल्या आणि एक आवाज उरला...

टप.

टप.

एसीचं पाणी असेल, असं सगळ्यांना वाटलं. मी बघितलं. फोटोच्या खालच्या कडेवरून थेंब गळत होते. वर रायफल होती ना, ती फुगली होती. मधोमध फुगून, काळी होऊन, खाली लोंबत होती.

नूरुद्दीनने माईकपाशी ठेवलेला ग्लास उचलला. आम्ही सगळ्यांनी पाहिलं, ग्लास काठोकाठ होता.

ग्लास तोंडापर्यंत गेला आणि त्याने तो उलटा केला.

काहीच पडलं नाही.

मग त्याने मागे वळून बघितलं. मागे पडदा होता, दुसरं कुणी नव्हतं. तरी तो असा सरकला, जसं कुणीतरी त्याला अगदी चिकटून उभं आहे.

भाषण तिथेच संपलं.

शनिवारी दुपारपर्यंत त्याला उभं राहवेना. दवाखान्यात न्यायला आम्ही गाडी काढली. लिफ्टचं दार उघडलं, आत शाहबाज. खांद्यावर बाटला.

नूरुद्दीन भिंतीला धरून खाली बसला. सिलिकॉन ओएसिसचा हेड. त्याने दोन्ही हातांची ओंजळ केली आणि वर धरली.

शाहबाज भला माणूस. एका शब्दाने टोचलं नाही. त्याने सील तोडलं, बाटला तिरका केला.

पाणी ओंजळीत पडलं. राहिलं. नूरुद्दीन प्यायला. जनावरासारखा आवाज करत प्यायला, फरशीवर सांडलेलंही पुसून ओठाला लावलं.

शाहबाजने बाटला सरळ केला आणि नूरुद्दीनच्या डोक्यावरून मागे बघत हळूच विचारलं...

"साब, बाबाजी को भी दूँ?"

मागे भिंत होती.

"किसको?" मी विचारलं.

"जो इनके पीछे खड़े हैं. मना कर रहे हैं. बोलते हैं, पहले सबको पिला."

तेव्हापासून रोज दोनदा हेच चालतं. शाहबाजच्या हातचं पाणी टिकतं. आणखी कुणाच्याच हातचं नाही, आईच्याही नाही. साहेब दारात गुडघ्यांवर बसतात, ओंजळ धरतात. शेजारी दाराच्या भोकातून बघतात.

आणि तो फोटो? पुन्हा घरच्या भिंतीवर आहे. रायफलीसकट. ताजबी रोज म्हणते, चार माणसांत एकदा भिस्ती म्हण, सुटशील. तो म्हणतो, "लोक काय म्हणतील?" गुडघ्यांवर बसून म्हणतो!

पुढच्या महिन्यात शाहबाज सुट्टीवर गावी चाललाय. दोन महिने.

परवा मी त्यांच्याकडे गेलो होतो. ताजबीने माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. शेजारच्या अजमानहून उन्हातून आलो होतो, घसा सुकला होता. हात पुढे केला...

आणि थांबलो.

त्या दिवशी हॉलमध्ये टाळ्या मीही वाजवल्या होत्या.

ग्लास काठोकाठ दिसत होता. मी तो उचललाच नाही.