हेडविगसाठी ताठ स्की

"वजन किती तुमचं?"

दुकानात शिरताशिरता त्यानं मला विचारलेलं हे पहिलं वाक्य. मी स्कीच्या तळाला मेण लावायची गरम इस्त्री हातात धरून थिजलेच! त्याच्या पापण्यांवर बर्फाचे दोन कण अजून विरघळायचे होते, आणि हा माणूस मला वजन विचारतोय?

"इस्त्री गरम आहे," मी म्हटलं. "जपून बोला."

तो कानापर्यंत लाल झाला. "माफ करा... हेडविगसाठी स्की घ्यायची आहे. ती उंचीनं, अंगानं अगदी तुमच्याएवढी..."

हेडविग. हं.

त्याचं नाव कासियान. खालच्या खोऱ्यात व्हायोलिनं दुरुस्त करायचा.

"कशी उतरते ती?" मी विचारलं.

"वेड्यासारखी! यंत्रानं विंचरलेला सकाळचा टणक उतारच हवा तिला. वळताना इतकी झुकते की हात बर्फाला टेकतो."

"मग मधे अरुंद आणि आत धातूचा थर असलेली ताठ स्की घ्या. पण ती माफ करत नाही हं. पाय ढिला पडला की फेकून देते."

"हेडविगही माफ करत नाही," तो हसला. इतक्या मायेनं हसला की मी इस्त्री उगाच आदळून ठेवली. मग हळूच म्हणाला, "तिच्याऐवजी... तुम्ही चालवून बघाल?"

दुसऱ्या दिवशी दोरावरून डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टमध्ये बसलो आणि 'तुम्ही'चं 'तू' झालं. डोंगरावर आमच्याकडे कुणी अहो-जाहो करत नाही. पहिली जोडी वेगात थरथरली. दुसरीला वळायची नुसती घाई. तिसरी मात्र... तिच्या धारदार कडेवर झुकले आणि तिनं असं वळण कोरलं की माझ्या तोंडून किंकाळीच फुटली!

खाली कासियान उभा होता. तो स्कीकडे बघतच नव्हता.

"बुर्गी, गाल लाल झालेत तुझे."

"वाऱ्यानं."

"वारा कुठंय?"

"हेच हेडविगला सांग जाऊन," मी तुटकपणे म्हटलं आणि रात्रभर स्वतःवर चिडत राहिले.

सकाळी तो तिला घेऊन आला. पांढऱ्याशुभ्र वेणीची, किंचित लंगडत चालणारी सत्तरीकडे झुकलेली बाई.

"ही हेडविग. माझी आई."

मी आ वासला. आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण तेवढ्यात तिनं खुब्यावर थाप मारली. "दोन वर्षं झाली हा नवा बसवून. आण ती स्की, मुली."

"थांबा! ही तुमच्यासाठी—"

पण तिनं ऐकलं नाही; तिघं लिफ्टनं वर पोचताच स्की चढवून ती निघालीसुद्धा! मी कासियानचा दंड धरून ओरडले, "वेडा आहेस का तू? वय सांगायचं होतंस! खुबा सांगायचा होतास!"

"सांगितलं असतं तर तू मऊ स्की दिली असतीस," तो म्हणाला. "सगळे तिला मऊच देतात, बुर्गी. मऊ जेवण, मऊ बोलणं... डॉक्टर हो म्हणालेत. मीच मनातून नाही म्हणतोय." त्यानं हातमोजे काढले. व्हायोलिनच्या तारा लावणाऱ्या हातांनी तो ते पिळत राहिला.

मी ते हात घट्ट धरले. दोघंही खाली बघत राहिलो.

मधल्या उतारावर तिची बाहेरची स्की क्षणभर घसरली. आणि ती पुन्हा स्कीच्या कडेवर सावरली! झुकली, आणखी झुकली, हात बर्फाला टेकला. मागे दोन स्वच्छ, बारीक रेघा उमटत गेल्या. तळाशी पोचून तिनं दोन्ही काठ्या आभाळाकडे उंचावल्या.

माझे डोळे वाहत होते. त्याचेही.

"मला वाटलं, हेडविग तुझी बायको आहे," मी पुटपुटले.

"माझी—काय?" आता हादरायची पाळी त्याची होती. "अगं, दोन दिवस मी एकाही स्कीकडे पाहिलेलं नाही! तिसरी जोडी कुठल्या रंगाची ते विचार, सांगता येणार नाही. मला फक्त तू... म्हणजे मी तुझ्या..."

वाक्य काही पुरं होईना. मग मीच त्याचा मफलर धरून त्याला जवळ ओढलं.

खालून हाक आली, "येताय का दोघं? की मी एकटीच परत वर जाऊ?"

तिला बराच वेळ थांबावं लागलं.