रिकाम्या खोलीचं वर्णन

तेहतीस वर्षं वर्तमानपत्रात लोकांची टिंगल करून निवृत्त झालो आणि नववीच्या मुलांना वेब डिझाइन शिकवायला लागलो. शिक्षा म्हणून नव्हे. वर्तमानपत्र इंटरनेटवर गेलं तेव्हा तिथली तरणी मंडळी माझ्या सदराचं शेवटचं वाक्य हटकून कापायची, आणि माझा विनोद नेमका तिथेच असायचा. म्हणून मी स्वतःच वेबपेज बनवायला शिकलो. रागानं शिकलेली विद्या पक्की बसते.

शाळेचा मुख्याध्यापक माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. मुलांसमोर तो मला 'सर' म्हणायचा. 'भाऊजी' म्हणाला की समजायचं, चिडलाय.

वर्ग दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. बारा मुलं, तेरा संगणक. तेरावा बंद होता. दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून तो दाराला टेकवलेला असायचा, आणि त्या खोलीत सर्वांत नियमित काम तोच करायचा. बाकीचे एकमेकांना जोडलेले होते, बाहेरच्या जगाला नाही. मुलं भलतंसलतं काही शिकतील, ही मेहुण्याची काळजी.

बारांतल्या एका मुलीला जन्मापासून दिसत नव्हतं. वर्ग तिला 'रेडिओ' म्हणायचा, कारण शाळेतली प्रत्येक बातमी आधी तिच्या कानावर यायची आणि लगेच प्रसारित व्हायची. तिच्या संगणकावर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर होतं. आवाज बाईचा, पण इतका सपाट की वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा नोटिशीसारख्या वाटाव्यात.

चित्र मात्र त्या बाईला वाचता येत नाही. त्यासाठी कोडमध्ये प्रत्येक चित्रापाशी एक ओळ लिहावी लागते, चित्रात काय आहे त्याचं वर्णन. पानावर ती ओळ दिसत नाही, नुसती ऐकू येते. भले भले ती लिहायचा कंटाळा करतात. माझ्या वर्गात मात्र वर्णन नाही तर चित्र नाही.

शाळेला पन्नास वर्षं होत होती. वेबसाइट आमच्या वर्गानं करायची ठरलं. मुलांनी फोटो काढले, वर्णनं लिहिली, आणि एका मंगळवारी रेडिओ कानावरचा हेडफोन सरकवून म्हणाली, "सर, खिडकीपाशी कोण उभी आहे?"

फोटो आमच्याच वर्गाचा होता, सुट्टीत काढलेला. बारा खुर्च्या, निळे पडदे, माणूस कुणी नाही. मी कोड उघडला. वर्णन होतं, 'संगणकाचा रिकामा वर्ग. खिडकीपाशी मुलगी. पाठमोरी.'

"कोणाचं हे साहित्य?" मी विचारलं.

"आईशप्पथ सर, मी 'रिकामा वर्ग' एवढंच लिहिलं होतं," फोटो काढणारा म्हणाला. त्याला तीन शब्दांच्या वर एका दमात लिहिताना मी कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे माझा विश्वास बसला. ओळ पुसली.

शुक्रवारी ती परत आली होती. आणि वाचनालयाच्या फोटोतही एक नवी होती. 'तिसऱ्या बाकावर मुलगी. रिबन सुटली आहे. बाही डोळे पुसून ओली आहे.'

थट्टेखोर माणसाला दुसऱ्याची थट्टा लगेच ओळखू येते. ही थट्टा नव्हती. थट्टा करणारा आजूबाजूला रेंगाळतो, कोण हसतंय ते बघतो. इथे कुणी रेंगाळत नव्हतं. मी तारा काढल्या, वर्गाला कुलूप घातलं, किल्ली खिशात ठेवली. घरी बायको म्हणाली, "शाळेची किल्ली उशाशी? तिथे सोनं ठेवलंय का?" मंगळवारी आणखी चार फोटोंत मुलगी होती.

मेहुण्याला कळायला वेळ लागला नाही. त्यानं मला बोलावलं आणि रेडिओचं नाव घेतलं.

"ती ओळ ऐकू कोणाला येते? तिला. सापडते कोणाला? तिलाच. सरळ आहे. तिला दोन दिवस घरी बसवलंय. सोमवारी आईला बोलावतो आणि दाखला हातात देतो. अशा मुलांसाठी वेगळ्या शाळा असतात."

"वर्णन लिहिणं तिचा गुन्हा नाही. ऐकणं तर नाहीच नाही."

"भाऊजी, तुम्ही यात पडू नका."

"मी आधीच पडलोय. आता आहे ना ती घरी? मग चल, आत्ताच बघू. तूच फोटो काढ, तूच लिही."

त्यानं स्वतःच्या खोलीचा फोटो काढला. टेबल, घंटेचं बटण, रिकामी खुर्ची. एका बोटानं त्यानं लिहिलं, 'मुख्याध्यापकांची खोली.' तीनदा तपासलं. मग आपल्या खुर्चीवर रेलून बसला आणि मला म्हणाला, "वाजवा."

वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मी त्याच्या संगणकावर टाकलं आणि पान उघडलं. बाई स्पीकरवरून सपाट आवाजात म्हणाली, "मुख्याध्यापकांची खोली. खुर्चीमागे मुलगी. हात खुर्चीच्या पाठीवर."

 मेहुणा उठला, खुर्ची ओढत नेली आणि तिची पाठ भिंतीला टेकवली. मग फट राहिली म्हणून आणखी रेटली.

"कोण आहे ती? तुला माहीत आहे?" मी विचारलं.

"मला काय माहीत," तो म्हणाला. पण त्यानं कोड उघडून बघितला नाही.

दाखल्याचा विषय त्यानं तिथेच सोडला. शुक्रवारच्या तासाला मात्र तो स्वतः वर्गात आला. रेडिओ परत आपल्या जागेवर होती.

"सगळी वर्णनं काढून टाका. एकही ओळ राहता कामा नये. फोटो छान आहेत, फोटो पुरे."

मुलं माझ्याकडे बघायला लागली. रेडिओ उभी राहिली.

"सर, मग मला काय दिसणार?"

"तुला तुझी मैत्रीण सांगेल."

"मैत्रीण आजारी पडली की शाळा दिसायची बंद?"

मागून कुणीतरी फिस्कन हसलं. मग फोटोवाल्या पोरानं कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. शेजारणीनं ठेवले. एकेक करत सगळ्यांनी. मी काही सांगितलं नव्हतं. शिक्षक म्हणून इतकं यश मला त्याआधी कधी मिळालं नव्हतं.

"आम्ही काढणार नाही," मी म्हणालो. "त्या पाठमोऱ्या मुलीचीही नाही. कुणीतरी तिथे आहे म्हणून लिहिलंय. खोडायचा अधिकार मला नाही, आणि सर, तुम्हालाही नाही."

"भाऊजी," तो सगळ्यांदेखत म्हणाला, "या खुर्चीवर पुढच्या आठवड्यात तुम्ही दिसणार नाही."

"बघू," मी म्हणालो, आणि बसलो.

त्या दुपारी वेबसाइट वर्णनांसकट माझ्या घरून जगाला खुली केली. बायको म्हणाली, "माझ्या भावाशी भांडलात ना?" पण जेवायला वाढलं.

पुढच्या मंगळवारी मी त्याच खुर्चीवर होतो. अडवायला कुणी आलं नाही. मेहुणा खोलीबाहेर पडत नाही, असं शिपाई म्हणाला. शेवटचा फोटो राहिला होता, आमच्या वर्गाचा. मी मधे खुर्चीवर, मुलं भोवती. वर्णन प्रत्येकानं आपापलं सांगितलं. रेडिओ म्हणाली, "लिहा, मी हसतेय. मुद्दाम."

'मधे सर,' मी स्वतः टाइप केलं.

स्पीकर लावला. बाईनं एकेका मुलाचं सांगितलं, केसांसकट, हसण्यासकट. रेडिओचं 'मुद्दाम'ही. मग म्हणाली, "मागे मुलगी. बाही कोरडी आहे. मधली खुर्ची रिकामी."

मी खुर्चीचे दोन्ही हात चाचपून बघितले.

"काढायचं का, सर?" फोटोवाल्यानं हळूच विचारलं.

"एक अक्षरही नाही," मी म्हणालो. हेच तत्त्व. आपल्यावर आलं म्हणून बदलायचं नाही.

ती ओळ अजून तिथेच आहे. मीही आहे. मंगळवार आणि शुक्रवार, त्याच खुर्चीवर, कोण उठवतो बघू म्हणून जरा जास्तच पसरून बसतो.

तास सुरू होताना रेडिओ हेडफोन काढते आणि माझ्या दिशेला तोंड करून विचारते, "सर, आहात ना?"

"आहे," मी म्हणतो, चांगला खणखणीत.

ती थोडं थांबते. मग पुन्हा विचारते.