गैरहजर खेळाडू

जगाचा अंत मी रविवारी दुपारी, जेवणानंतर ठेवला होता. नीवेसची संध्याकाळी औषधाच्या दुकानात ड्यूटी होती आणि एदीची बायको त्याला काळोख पडल्यावर बाहेर राहू देत नाही, मग जग बुडो की तरो.

आमचा खेळ साधा. टेबल, फासे आणि बोलणं. मी सूत्रधार. मी जग सांगतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून त्यात वावरतात, अडलं की फासा ठरवतो. सोलिना नावाचं एक बंदर आम्ही कित्येक वर्षं असं बोलून बोलूनच उभं केलं होतं. कायदेही होते. तोंडून निघालं ते घडलं, मागे घ्यायचं नाही. घरचं रडगाणं टेबलावर आणायचं नाही. आणि गैरहजर खेळाडूचं पात्र मरत नाही, ते कुठेतरी झोपलेलं असतं. हा शेवटचा कायदा माझ्या धाकट्या भावासाठी, सांजिनसाठी केलेला. तो मालवाहू जहाजावर असतो, वर्षातला बराचसा काळ समुद्रावरच. त्याचं पात्र म्हणजे सोलिनाच्या दीपस्तंभाचा राखणदार, आणि त्याचा निळा फासा माझ्या कपाटात, कान तुटलेल्या कॉफीच्या कपात.

मी रिएकाच्या बंदरात क्रेनचे ब्रेक तपासतो. भुताखेतांशी माझं देणंघेणं नाही. फासा पडतो तो आपल्या वजनाने, असं मानणारा मी माणूस.

त्या दिवशी युगो सुटला होता. हा दक्षिणेचा ओला वारा सुटला की आमच्याकडे सगळ्यांचंच डोकं फिरतं. भिंतींना घाम फुटला होता. मी सांगायला लागलो, की सोलिनाचा समुद्र आधी मागे हटला, तळाचा चिखल उघडा पडला, आणि त्याला गंजक्या लोखंडाचा वास होता. नीवेस म्हणाली, वास खरंच येतोय. एदीने उठून खिडकी लावली. वास गेला नाही. युगोत गटारं तुंबतात, असं म्हणून मी पुढे गेलो.

मग समुद्र परत आला, डोंगराएवढा. शहराचा दरवाजा लावायचा होता, पण त्याचा अडसर बाहेरच्या बाजूला. जो कोणी अडसर टाकेल तो बाहेरच राहणार. नीवेस आणि एदी, दोघांची पात्रं आत होती. बाहेर एकच जण होता, दीपस्तंभावर झोपलेला.

"सांजिनला उठव," एदी म्हणाला.

"तो इथे नाही. कायदा आहे आपला."

"अरे, तो तसाही कायम बाहेरच असतो. त्याला आवडेलच. एवढं झकास मरण मला दे, मी वर तुला दारू पाजीन."

नीवेस नको म्हणत होती. पण शेवट सुंदर जमत होता, आणि सुंदर शेवट समोर दिसला की सूत्रधाराला दुसरं काही दिसत नाही. मी कपातला निळा फासा काढला आणि भावाच्या वतीने टाकला. वीस पडले. या फाशावर वीसच्या वर काही नाही. अडसर पडला, दरवाजा बंद झाला, सोलिना वाचलं.

एदीने मला टाळी दिली. मी फासा उचलला तर त्याच्याखाली टेबल ओलं होतं.

तिथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मी बोलत राहिलो, आणि जे बोललो ते मी ठरवलेलं नव्हतं.

"दरवाजावर टकटक होते," मी म्हणालो. "समुद्र माणसं परत देतो. हुबेहूब. त्यांना सगळं आठवतं, पण फक्त या टेबलावर बोललेलं."

"हे काय मध्येच, तिहो?" नीवेसने विचारलं.

मला माहीत नव्हतं. दरवाजा उघडू नका, एवढंच मला म्हणायचं होतं, पण खेळाडूंनी काय करावं ते सूत्रधाराने सांगायचं नसतं.

"मी उघडतो," एदी हसत म्हणाला. "आपलाच गडी आहे."

तोंडून निघालं ते घडलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा आईला फोन आला. रविवारी दुपारी लाटेने सांजिनला डेकवरून ओढून नेलं होतं. आईने फोन ठेवला नाही, तसाच हातात धरून बसली. मी तिच्याजवळ बसलो होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर फक्त तो फासा होता. मग आठवडा संपायच्या आत दुसरा फोन आला. एका मासेमारी बोटीला तो सापडला होता, जिवंत, अंगावर साधा ओरखडा नाही. आई रडली, मीही रडलो. देव तारी त्याला कोण मारी, असं मी स्वतः सगळ्यांना सांगत सुटलो.

विमानतळावरून त्याला मीच घेऊन आलो. हसणं तेच, खांद्यावर थाप मारणं तेच. गाडीत त्याने एदीच्या टकलाची चेष्टा केली, नीवेसच्या जुन्या चुका काढल्या, सोलिनाची गल्लीन्‌गल्ली बोलून दाखवली. मला इतकं हायसं वाटलं की मी सहज विचारलं, बाबांची होडी आपण दोघांनी रंगवली होती, तिचा रंग आठवतो का रे?

"रविवारी सांग ना," तो म्हणाला. "टेबलावर."

मी गाडी बाजूला घेतली. काच खाली केली, वारा घेतला, मग पुन्हा सुरू केली.

आईने दार उघडलं आणि ती त्याच्या गळ्यातच पडली. त्यानेही तिला नीट धरलं, पाठीवरून हात फिरवला. ती डोळे पुसत सारमा गरम करायला आत गेली. पहाटेपासून कोबीची पानं वळत बसली होती.

तो माझ्याशेजारी बसला. आतून भांड्यांचा आवाज येत होता, आणि आई गुणगुणत होती.

तो माझ्या कानाशी झुकला. श्वासाला गंजक्या लोखंडाचा वास होता.

"तिहो," तो हळूच म्हणाला, "या बाई कोण? यांच्याबद्दल तू कधी काही सांगितलंच नाहीस."