क्षमेवर बोलायला आलेली बाई

फोन आला तेव्हा इन्स्पेक्टरने एक बूट काढला होता आणि दुसरा काढायचं बळ गोळा करत ती ठाण्यातल्या खुर्चीत बसून होती. रात्रपाळी संपली होती. रविवारचं ऊन टेबलापर्यंत पोचलं होतं. घरी जाऊन कुणाशीही एक शब्द न बोलता झोपावं, एवढीच तिची इच्छा होती.

"मॅडम, चर्चमधून फोन आहे," हवालदार म्हणाले. "भाषणाला आलेल्या बाई बेशुद्ध सापडल्यात. दवाखान्यात नेलंय. चहात काहीतरी घातलं म्हणतात. आणि घालणारा माणूससुद्धा लोकांनी धरून ठेवलाय."

"मग आपलं काय काम उरलं?" असं म्हणून तिने बूट परत चढवला.

चर्चच्या दारावर हाताने रंगवलेली पाटी होती. 'सर्वांचं स्वागत. सर्वांचं म्हणजे सर्वांचं.' आतल्या हॉलमध्ये खुर्च्या गोलाकार मांडल्या होत्या, मधोमध एक माईक उभा होता, आणि माणसं भिंतीला चिकटून हळू आवाजात बोलत होती. खुर्च्यांवर कुणीच बसलं नव्हतं.

पाळक पुढे आले. चाळिशीचा माणूस, पण डोळ्यांखाली साठीची काळी वर्तुळं.

"दर महिन्याला आम्ही एका पाहुण्याला बोलावतो," ते म्हणाले. "उपासनेनंतर भाषण, मग सगळे गोल बसून चर्चा. मागच्या महिन्यात एक नास्तिक डॉक्टर होत्या. त्याआधी एकत्र घर करून राहणारे दोन पुरुष आले होते. काही लोक चर्च सोडून गेले, काही नवे आले."

"आणि आज?"

"आज क्षमा."

त्यांनी थोडक्यात सांगितलं. पाहुण्या म्हणजे निवृत्त शिक्षिका. बरीच वर्षं झाली, त्यांचा मुलगा स्कूटरवरून जाताना एका दारू प्यायलेल्या ट्रकवाल्याने उडवला. मुलगा जागीच गेला. बाईंनी पुढे त्या ट्रकवाल्याला माफ केलं, तुरुंगात निरोपही पाठवला, आणि आता त्या ठिकठिकाणी क्षमेवर बोलतात. ट्रकवाला शिक्षा भोगून सुटला. तुरुंगात सुतारकाम शिकला. गेलं वर्षभर तो याच मंडळीत येतो.

"हे भिंतीलगतचे बाक त्यानेच केलेत," पाळक म्हणाले. "आज दोघं पहिल्यांदा समोरासमोर येणार होते. सगळ्यांसमोर, बाईंच्याच इच्छेने."

"आणि चहा त्याने दिला."

पाळकांनी मान खाली घातली. "हो."

सुतार चहाच्या टेबलाशी बसला होता. थोराड हात मांडीवर उलटे ठेवलेले. त्याच्या शेजारी काठीसारखा ताठ उभा असलेला म्हातारा हा मंडळीतला सर्वांत जुना सभासद. सारी नोकरी टपालखात्यात काढलेली, पण चालण्यामुळे सगळे त्याला कर्नल म्हणत.

"मी आधीच सांगितलं होतं, असल्या माणसाला व्यासपीठ देऊ नका," कर्नल म्हणाला. "इथे माझं ऐकतंय कोण? माझं ऐकायचं तर मलासुद्धा पाहुणा म्हणून यावं लागेल."

"तुम्ही काय पाहिलंत ते सांगा."

"हा कप घेऊन त्या मागच्या खोलीत गेला. कुणी सांगितलं नव्हतं."

"किती वेळ आत होता?"

"लगेच बाहेर आला. पण गोळी टाकायला कितीसा वेळ लागतो?"

"त्यानंतर कुठे गेला?"

"कुठे जाईल? इथेच बसला. मी त्याच्यावरची नजर काढली नाही. अगदी बाईंच्या लेकीची किंकाळी येईपर्यंत."

इन्स्पेक्टर सुताराकडे वळली. "का गेला होतास?"

"लोकांसमोर पहिल्यांदा बघायचं नव्हतं," तो म्हणाला. "म्हटलं आधी एकटं भेटावं. मोकळ्या हाताने कसं जायचं, म्हणून चहा घेतला."

"काय बोललात?"

"काहीच नाही. मी दार वाजवलं, ओ आली नाही. ढकललं तर त्या कोचावर बसलेल्या, मान खाली. मला वाटलं प्रार्थना करतायत. कप ठेवला आणि निघालो. मॅडम, खरं सांगू? बरंच वाटलं मला. बोलावं लागलं नाही."

"आता काय होईल असं वाटतं?"

"परत आत." त्याने खांदेसुद्धा उडवले नाहीत. हे सगळं आधीच होऊन गेल्यासारखं तो बोलत होता.

मागची खोली लहान होती. एक कोच, एक स्टूल, पुस्तकांचं कपाट, कोपऱ्यात बेसिन. पलीकडे लागूनच गायनमंडळाची जागा. गाणारे आपापल्या वह्या छातीशी धरून अजून तिथेच उभे होते. भाषणानंतरच्या गाण्याचा सराव करत होतो, आणि किंकाळी ऐकू आली तेव्हाच थांबलो, असं त्यांनी सांगितलं.

स्टुलावर पांढरा कप होता. तळाशी थेंबभर दुधाळ चहा. आत, काठाच्या जरासं खाली, सायीचं वाळलेलं कडं. त्याखाली कप जवळजवळ स्वच्छ. इन्स्पेक्टरने तो बराच वेळ पाहिला, मग बेसिनपाशी गेली. बेसिन धुतलेलं दिसत होतं, फक्त जाळीला एक तपकिरी पापुद्रा चिकटला होता. कोचाच्या हातावर एक प्लास्टिकची छोटी डबी होती. तिच्यात कापसावर कानाची दोन यंत्रं.

शिक्षिकेची लेक दाराशी भिंतीला टेकून उभी होती. पंचेचाळिशीची, पर्स घट्ट धरलेली. आईबरोबर दवाखान्यात का गेली नाही, असं विचारल्यावर ती म्हणाली, "पोलिसांना कुणीतरी नीट सांगायला नको?"

"सांगा मग."

"उपासना संपता संपता मी आईला इथे आणलं. तिला तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या आणि बाहेर गेले. जरा वेळाने हा माणूस कप घेऊन येताना दिसला."

"अडवलं नाहीत?"

"पाळकांनी पाठवलं असेल वाटलं. पण मनाला बरं वाटेना, म्हणून मागाहून दारापाशी आले. दार वाजवलं, म्हटलं, आई, येऊ का? ती आतून म्हणाली, थांब गं, चहा घेतेय. म्हणून मी परत फिरले. नंतर बोलवायला आले, तर ही अशी कोसळलेली."

"दुसऱ्या खेपेला तुम्ही आत आला नाहीत?"

"नाही. दारातूनच बोलले."

"गोळ्या तुमच्याकडेच असतात?"

"सगळं माझ्याकडेच असतं," लेक म्हणाली. "गोळ्या, गाडी, तारखा. कुठल्या गावात कुठला हॉल. एका दंतवैद्याकडे नोकरी आहे माझी. दर रविवारी ही दुसरी."

तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. डॉक्टर घाईत होते. झोपेच्या गोळ्या आहेत, रोजच्यापेक्षा बऱ्याच जास्त. हृदय मुळात नाजूक, अजून उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. आता धोका टळलाय, डोळे उघडतायत, पण हाका मारल्या तर ओ देत नाहीत, तेवढीच काळजी आहे.

"ऐकू येत नसेल त्यांना," इन्स्पेक्टर म्हणाली. "यंत्रं इथे राहिलीत. पाठवते."

तिने डबी हवालदारांच्या हातात दिली आणि पाळकांना बाजूला घेतलं.

"तुम्ही आज त्यांच्याशी शेवटचं कधी बोललात?"

"इथेच, त्यांची लेक बाहेर गेल्या गेल्या. गाण्याचा सराव सुरू झाला तशी त्यांनी कानातली यंत्रं काढून ठेवली, स्पीकरमुळे शिट्टी वाजते म्हणाल्या. भाषणाची वेळ झाली की आत या आणि खांद्याला हात लावा, म्हणाल्या. मी म्हटलं, झोपणार आहात की काय? तर हसल्या."

इन्स्पेक्टरने डोळे चोळले. तिला फार दमल्यासारखं झालं, आणि हे दमणं रात्रपाळीचं नव्हतं.

तिने बाकीच्यांना अंगणात पाठवलं. पाळक, कर्नल, सुतार आणि लेक, एवढ्यांनाच त्या गोल खुर्च्यांवर बसवलं. स्वतःही बसली. उभं राहण्याचं त्राण नव्हतं.

"चहात काहीच नव्हतं," ती म्हणाली. "तो चहा कुणी प्यायलंच नाही."

"कप रिकामा होता," कर्नल म्हणाला.

"होता. पण गरम चहा घोट घोट पीत गेलं तर वर साय धरत नाही. या कपात काठापाशी सायीचं कडं आहे, एकच. म्हणजे भरलेला कप तसाच बराच वेळ राहिला, निवला, आणि मग कुणीतरी एकदम रिकामा केला. साय बेसिनच्या जाळीत अडकलीय."

तिने सुताराकडे बोट केलं.

"सुताराने ओतला नाही. तो ठेवून लगेच बाहेर आला, तेव्हा चहा वाफाळत होता. त्यानंतर तो जागेवरून हललाच नाही. याला साक्षीदार तुम्ही, कर्नल."

"म्हणजे माझी साक्ष त्याच्या बाजूची झाली," कर्नल म्हणाला.

"तुमची साक्ष खरी होती, एवढं पुरे. आता गोळ्या. सुतार आत गेला तेव्हाच बाईंची मान खाली गेलेली होती. त्याला ती प्रार्थना वाटली. म्हणजे गोळ्या त्याच्याआधीच पोटात गेल्या होत्या. त्याआधी बाईंनी एकच गोष्ट घेतली. रक्तदाबाच्या गोळ्या म्हणून जे हातावर ठेवलं गेलं ते."

लेक समोरच्या माईककडे बघत होती.

"तरीही मी इथेच थांबले असते," इन्स्पेक्टर तिला म्हणाली. "गोळ्यांची अदलाबदल माणसाच्या हातून चुकून होते. पण तुम्ही म्हणालात, आईने आतून उत्तर दिलं, चहा घेतेय म्हणाली. तुमच्या आईने यंत्रं पाळकांसमोर काढून ठेवली होती. गाणं संपल्याशिवाय त्या ती परत घालणार नव्हत्या, आणि गाणं थांबलं ते तुमच्या किंकाळीने. दारावरची थाप त्यांना ऐकूच गेली नसती. तुम्ही दारातून परत फिरला नाहीत, ताई. आत गेलात, कप ओतलात, आणि त्या कपासाठी एक वाक्य रचलंत."

लेकीने पर्स खाली ठेवली.

"मारायचं नव्हतं तिला," ती म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. "ती झोपली असती, कार्यक्रम रद्द झाला असता, मी तिला घरी नेलं असतं. एवढंच. दर रविवारी माझा भाऊ नव्या हॉलमध्ये मरतो. मी मागच्या रांगेत बसून ऐकते. आज ती याला सगळ्यांसमोर जवळ घेणार होती. ते मला बघवलं नसतं."

"आणि चहा?"

लेकीने पर्स पायाने बाजूला सारली.

"आत गेले तर आई झोपलेली आणि कप तसाच भरलेला. तेव्हा सुचलं. त्याआधी नव्हतं हो सुचलं." मग पहिल्यांदाच तिने सुताराकडे पाहिलं. "तू परत जावास असं वाटलं. आईने माफ केलं म्हणून सगळ्यांनीच करायचं?"

सुतार हात मांडीवर उलटे ठेवून तसाच बसून राहिला.

"तुम्हाला माहीत नाही," ती पाळकांना म्हणाली, "कारण आई हे भाषणात सांगत नाही. त्या दिवशी भाऊ मला आणायला निघाला होता. मला बस मिळाली असती. मला कंटाळा आला म्हणून घरी फोन केला, ये न्यायला. आई ट्रकवाल्याला माफ करते, हॉलभर लोक रडतात. तुलाही माफ केलं, असं मला कधी एका शब्दाने म्हणाली नाही. तिच्या गोष्टीत मी नसतेच."

पाळकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाहेर अंगणात कुणीतरी कप गोळा करत होतं, त्यांचा आवाज तेवढा येत राहिला.

दुपारी इन्स्पेक्टर दवाखान्यात गेली. शिक्षिका उशीला टेकून बसल्या होत्या, कानात यंत्रं होती. इन्स्पेक्टरने सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. सांगून झाल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "त्याला सोडलंत?"

"सोडलं. पण घरी जात नाहीये. बाहेर बाकावर बसलाय."

"आणि तिला?"

"ती पण बाहेर आहे, माझ्या शिपाईबाईंबरोबर. तिने तुमचा जीव धोक्यात घातला आणि एका निर्दोष माणसाला अडकवायला बघितलं. तुम्ही तक्रार केली नाहीत तरी मला केस करावी लागेल. पुढचं कोर्ट ठरवेल."

शिक्षिकेने मान हलवली. शाळेत उत्तर बरोबर आल्यावर हलवत असतील तशी.

"ती म्हणाली, तुम्ही तिला कधी माफ केलं नाहीत," इन्स्पेक्टर म्हणाली. "त्या फोनबद्दल."

"फोनबद्दल?" म्हातारीने तिच्याकडे पाहिलं. खरोखरच काही न कळल्यासारखं. "मला न्यायला ये, असं भावाला म्हणाली. त्यात तिला माफ करण्यासारखं काय होतं? कुणी तिला बोल लावू नये म्हणून तर मी ते कुठे सांगत नाही."

"हे तिला सांगितलंत कधी?"

खिडकीखालून एक गाडी गेली. बाईंच्या हातांची चादरीवर नुसती चाळवाचाळव चालली होती.

"इतक्या लोकांशी बोलत फिरले," त्या शेवटी म्हणाल्या. "गाडीत ती शेजारीच असायची. तासन्‌तास. आम्ही रस्ता बरोबर आहे की नाही एवढंच बोलायचो."

मग त्यांनी डोळे पुसले आणि पाठ सरळ केली. "तिला आत पाठवा. कोर्टाचं कोर्ट बघेल. माझं मला आज सांगू दे."

इन्स्पेक्टर बाहेर आली. लेकीला तिने नुसती दाराकडे खूण केली. लेक उठली, दारापर्यंत गेली, आणि तिथेच उभी राहिली. मूठ दांड्यावर, पण दांडा काही खाली होईना. शिपाईबाई पुढे व्हायला लागल्या, इन्स्पेक्टरने त्यांना हाताने थांबवलं. बऱ्याच वेळाने दार उघडलं आणि मिटलं.

सुतार बाकावरून उठून उभा राहिला होता.

"आज नाही," इन्स्पेक्टर त्याला म्हणाली. "आज त्या दोघींचं आहे. वेळ लागेल त्यांना."

"लागू दे," तो म्हणाला, आणि परत बसला.