काकणचा आकडा

हर्णे बंदरावर जुनं इंजिन विकत घ्यायचं तर आता कुणी मालकाशी हुज्जत घालत नाही. फोन समोर धरला की त्यातला झीजवाचक झीज पाहून खरा वापर सांगतो. त्या सकाळी शाल्मली चोगलेने फोन धरला तेव्हा मालक 'एकच मोसम वापरलंय' म्हणत होता आणि फोन चार मोसम म्हणत होता.

"फोन कधी दर्यात गेलाय काय?" मालक कुरकुरला.

"तुझं इंजिन गेलंय ना, ते बोलतंय," शाल्मलीचे वडील हरिश्चंद्र म्हणाले, आणि बसलेले सगळे हसले.

शाल्मलीचं लक्ष नव्हतं. तिचा धाकटा भाऊ प्रणित विमानवाहू नौकेवर होता आणि रविवारपासून त्याचा एकही निरोप नव्हता. तेवढ्यात शेजारची बाई सांगत आली, घरी नौदलाची गाडी आलीय. हरिश्चंद्रांनी हातातला पाना तिथेच खाली ठेवला.

घरात लेफ्टनंट कमांडर सुखटणकर उभ्या होत्या. त्यांनी आधी प्रणित सुखरूप असल्याचं सांगितलं, मगच खुर्ची घेतली. त्यांची नजर टेबलावरच्या विमानावर होती.

ते काकण होतं. काकण म्हणजे हर्ण्याच्या कड्यावर घरटं करणारा समुद्री गरुड. शाल्मलीने त्याचं नाव एका अशा लढाऊ विमानाला दिलं होतं जे कुठेच अस्तित्वात नव्हतं. पदार्थविज्ञानाची पदवी घेतल्यापासून तिला हाच नाद: नसलेली विमानं प्रमाणात घडवायची, पण अशी की ती उडू शकली असती. काकणचे पंख नौकेवर मावण्यासाठी दोन ठिकाणी दुमडत. नाकावर मिठाचे ओघळ, पोटाखाली तेलाचे डाग तिने बारीक ब्रशने उमटवले होते. मग धक्क्याच्या कठड्यावर फळी ठेवून, कॅमेरा अगदी खाली धरून, मागे खरा समुद्र येईल असा फोटो घेतला. प्रतिकृती करणाऱ्यांच्या ऑनलाइन मंडळात तो टाकताना तिने 'काल्पनिक' असं स्पष्ट लिहिलंही होतं.

"तो शब्द गळून गेला आणि फोटो तेवढा फिरला," सुखटणकर म्हणाल्या. "समोरच्या देशाच्या आरमाराने तो झीजवाचकाला दाखवला."

ओरखडे, क्षार, धातूचा थकवा यांवरून वस्तू काय काम करत आली हे ती प्रणाली ओळखते. माणूस खोटं बोलेल, झीज बोलणार नाही, या भरवशावर विमा कंपन्यांपासून आरमारांपर्यंत सगळे चालत होते.

"पण डाग रंगाचे आहेत," शाल्मली म्हणाली. "रंग तर तो लगेच ओळखतो."

"डाग त्याने बाद केले. आकडा खरा ठरवला."

विमान नौकेवर उतरताना शेपटीखालचा आकडा तिथल्या तारेत अडकतो आणि विमान थांबतं. काकणच्या आकड्यावर खरी झीज होती, खाऱ्या पाण्यातली, खऱ्या ओढीची, अनेक वर्षांची. शिवाय ती एका बाजूला जास्त होती. त्यावरून वाचकाने निष्कर्ष काढला की हे विमान आडव्या वाऱ्यात, तिरकं होऊन उतरतं. म्हणजे पावसाळ्यात बाकीची विमानं बांधून ठेवावी लागतात तेव्हाही हे उडेल.

"आणि ती विमानं प्रणितच्या नौकेवर आहेत असं त्यांना वाटतंय," सुखटणकर म्हणाल्या. "पावसाळा लागायच्या आत त्या नौकेचं काहीतरी करावं, असं त्यांच्यातल्या काहींचं मत आहे. त्यांच्या पाणबुड्या पुढे सरकल्या आहेत."

हरिश्चंद्र पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि तो हातातच धरून उभे राहिले.

शाल्मलीने विचारलं, विमानाशेजारी माझा हात ठेवून फोटो पाठवला तर? सुखटणकरांनी मान हलवली. तेही करून झालं होतं. मंडळातल्या तिच्या जुन्या फोटोत हात होताच. तो पाठवल्यावर समोरच्यांचं उत्तर आलं होतं की प्रतिकृती खऱ्या वस्तूचीच करतात.

शाल्मली आकड्याकडे पाहत राहिली. तो तिने घडवला नव्हता. तारेचा आकडा नीट वळेना, म्हणून बाबांच्या डब्यातला जुना गळ घेऊन त्याचं टोक तासलं होतं. मोठ्या माशासाठीचा गळ, बाबांनी वर्षानुवर्षं ओढलेला. वाचक चुकला नव्हता. झीज खरीच होती, विमान तेवढं खोटं होतं.

"बाबा, डबा आणा. गळांचा."

डबा उघडला. गळ लहानमोठे होते, पण सगळे एकाच अंगाला वाकलेले, एकाच अंगाला झिजलेले.

"डावखुरा आहे मी," हरिश्चंद्र अपराध्यासारखे म्हणाले.

शाल्मलीने काकणचा आकडा पकडीने उपटला. पोटाखालच्या रंगाचा टवका निघाला, तिकडे तिने पाहिलं नाही. आकडा इतर गळांच्या रांगेत ठेवला आणि शेजारी बाबांना डावा हात पालथा न ठेवता उघडा ठेवायला सांगितलं. तळव्यावर दोराने कापलेल्या जुन्या चिरा होत्या. फोन वर धरला. झीजवाचक जरा वेळ फिरला आणि अक्षरं उमटली: सर्व वस्तू एकाच माणसाच्या वापरातल्या. डावा हात. मासेमारी.

सुखटणकरांनी तो फोटो लगेच पुढे पाठवला. मग त्या अंगणात जाऊन बराच वेळ फोनवर बोलत राहिल्या. शाल्मलीने चहा टाकला आणि तो उतू गेला.

आत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा मोकळा नव्हता. समोरच्यांनी गळ मान्य केला होता. पाणबुड्या थांबल्या होत्या. पण एक गळ वाचकाला फसवू शकतो, हेही त्यांना आता कळलं होतं. नौकेवर काय आहे आणि काय नाही, यासाठी ते आता कुठल्याच यंत्राचं ऐकणार नव्हते. त्यांचं एक जहाज प्रत्यक्ष पाहायला निघालं होतं.

"किती जवळ येणार?" शाल्मलीने विचारलं.

"माणसांना माणसं दिसतील इतकं."

"आणि तोफा?"

"दोन्हीकडच्या तयार असतील."

हरिश्चंद्र गळ एकेक करून डब्यात ठेवत होते. ते थांबले.

"परकी होडी तेवढी जवळ आली की भांडण नको म्हणून आम्ही आधी हात वर करतो," ते म्हणाले. "मग समोरचाही करतो, आणि जाळी सांभाळून दोघं आपापल्या वाटेने जातात. प्रणितला मी लहानपणीच शिकवलंय ते. तो करील." त्यांनी सुखटणकरांकडे पाहिलं. "पण बाई, वर गेलेला हात ते कसा वाचतील?"