बशीतली मोकळी जागा

धाकट्या भावाने कोंबड्यांच्या शेडमध्ये औषध वापरताना कधी हात आखडता घेतला नाही. पिल्लं आली, की पहिल्याच दिवसापासून पाण्यात अँटिबायोटिक. "आजारी पडायची वाट कशाला बघू, ताई?" म्हणायचा. ताई जंतू तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला. तिने कानीकपाळी ओरडून सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

आता शेडमधला पत्रा लागून त्याचा पाय चिघळला होता. तापात त्याला शुद्ध नव्हती. डॉक्टरांनी सोमवारपर्यंत मुदत दिली. तोवर लागू पडणारं औषध सापडलं नाही, तर पाय कापायचा. ताईने कंबर कसली.

जखमेतले जंतू तिने काचेच्या बशीत पसरले, वर औषधाची टिकली ठेवली. औषध चालणारं असेल, तर टिकलीभोवती जंतू वाढत नाहीत, मोकळं वर्तुळ राहतं. शुक्रवारी सकाळी ते दिसलं. बावीस मिलिमीटर! तिने डॉक्टरांना फोन करून औषधाचं नाव सांगितलं. फोन ठेवून पाहते तो वर्तुळ भरलेलं.

इतक्या झपाट्याने जंतू वाढत नाहीत. बशांची अदलाबदल झाली असणार, असं तिने स्वतःला बजावलं.

शनिवारी दुसरं औषध. चोवीस. या वेळी ती बशी हातात धरूनच फोनवर बोलली. नाव तोंडातून निघालं आणि कडेचा पांढरट थर आत सरकला. काच बोटांना कोमट लागली.

शेजारच्या टेबलावरच्या बाई हसल्या. "भिंतीला कान असतात, बशीला कधीपासून?"

मग त्यांनी वाकून पाहिलं. पुन्हा काही त्या हसल्या नाहीत.

रविवारी तिसरं. ताईने नाव फक्त चिठ्ठीवर लिहिलं. वर्तुळ मिटलं.

ती रडली, पोटभर रडली. मग तोंड धुतलं आणि चौथी बशी लावली. हार मानणारी तिची जात नव्हती.

सोमवारी सव्वीस.

ती बोलली नाही. लिहिलं नाही. त्या औषधाची कुपी रुमालात गुंडाळून स्वतःच दवाखान्यात गेली.

डॉक्टरांना तिने ओठांवर बोट ठेवून खूण केली. त्यांनी कुपीवरचं नाव मनातच वाचलं, मान डोलावली, सुई भरली.

भाऊ भिंतीकडे तोंड करून पडला होता. चार दिवसांत त्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

डॉक्टरांनी त्याचा दंड धरला.

"राहू दे, ताई," डोळे न उघडताच तो म्हणाला. "हेही कळलं आम्हाला."